एमसीएफ-७ च्या फ्लास्कमध्ये दर महिन्याला उंदराच्या पेशी: कशा ओळखल्या, कुठून आल्या, काय केलं

एमसीएफ-७ ची नवी व्हायल, म्हणजे गोठवलेल्या पेशींची कुपी, उघडली की चार आठवडे सगळं सुरळीत चालायचं आणि पाचव्या आठवड्यात कल्चर बिघडायचं. आमच्याकडे हे लागोपाठ तीनदा झालं. माणसाच्या आणि उंदराच्या सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशींचे वाण) ज्यांच्याकडे एकाच खोलीत वाढतात आणि एकाच हूडखाली (स्वच्छ हवेच्या कपाटात) हाताळल्या जातात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. आम्ही पाच महिने चुकीच्या जागी शोधत राहिलो, आणि ते पाच महिने एका मुलीच्या पीएचडीतले होते.

आमची लॅब सांगलीत, त्यामुळे काम हळदीवर आहे हे वेगळं सांगायला नको. हरिपूरच्या पेवांची हळद लहानपणापासून बघितलेली, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं तेव्हा आम्हाला घरातलं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. हळदीच्या वेगवेगळ्या अर्कांचा पेशींवर काय परिणाम होतो ते आम्ही तपासतो. त्यासाठी दोन सेल लाइन ठेवल्या आहेत. एक एमसीएफ-७, माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाची, १९७० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये तयार झालेली. दुसरी एल-९२९, उंदराची फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोड-ऊतीतली पेशी. हिचा क्लोन १९४८ चा, आणि वैद्यकीय साहित्य विषारी आहे का हे तपासायला ती जगभर वापरतात. स्वस्त, दणकट, भरभर वाढणारी. खरं तर कर्करोगाच्या पेशींशी तुलना करायला माणसाचीच सामान्य पेशी घेणं जास्त बरोबर, आणि तसं केलं असतं तर ही अडचण निदान या रूपात आली नसती. पण त्या पेशी महाग पडतात, सांभाळायला नाजूक असतात, म्हणून छोट्या लॅबमध्ये सहसा एल-९२९ किंवा ३टी३ (हीही उंदराचीच) यांवरच काम भागवलं जातं.

आधी काय दिसलं

लक्षण पहिल्यांदा आलेखात दिसलं. निम्म्या पेशी मारायला अर्काची किती मात्रा लागते याचे दोन वक्र सुरुवातीला एकमेकांपासून स्पष्ट वेगळे होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते जवळ आले आणि सहाव्या आठवड्यात जवळजवळ एकावर एक बसले. अर्क दोन्ही पेशींना सारखाच मारतोय असं दिसायला लागलं. आम्ही अर्काला दोष दिला, मग अर्क विरघळवायच्या डीएमएसओ द्रावकाला, मग पेशींच्या खाण्यात घालायच्या सीरमच्या नव्या लॉटला. त्या दिवसांत वीज सारखी जात होती, त्यामुळे इन्क्युबेटरवरही संशय घेतला. दोन्ही वक्र सारखे आले कारण दोन्ही प्लेटमध्ये एकच पेशी होती, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

फ्लास्कमध्ये दोन खुणा होत्या. एमसीएफ-७ बेटाबेटांनी वाढते, पेशी एकमेकींना चिकटून फरसबंदीसारख्या बसतात. त्या बेटांच्या मधल्या मोकळ्या जागेत लांबट, दोन्हीकडे टोकं असलेल्या पेशी दिसायला लागल्या. दुसरी खूण मीडियमच्या, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्याच्या रंगाची. आधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळं पडणारं मीडियम दुसऱ्याच दिवशी पिवळं पडू लागलं. मीडियममधला फिनॉल रेड हा रंग आम्ल वाढलं की पिवळा होतो, म्हणजे आत कुणीतरी जास्त वेगाने खात होतं आणि वाढत होतं. लांबट पेशींना आम्ही ‘ताणामुळे आकार बदललाय’ म्हणून सोडून दिलं. आकारावरून जात (पेशी कोणत्या प्राण्याची ते) ठरवू नका असं सगळेच सांगतात आणि ते खरं आहे, विरळ पसरलेली माणसाची पेशीही लांबट दिसू शकते. पण आकार आणि वेग दोन्ही एकाच वेळी बदलले, तर पुढची चाचणी त्याच दिवशी लावा.

सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती एका फोटोची. दुसऱ्या वेळी आम्ही मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये शिरणारे अगदी बारीक जिवाणू) तपासायला होएक्स्ट ३३२५८ हा रंग लावला होता. त्या चाचणीत केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रवात बारीक चमकते कण शोधायचे असतात. ते नव्हते. आम्ही वहीत ‘मायकोप्लाझ्मा नाही’ असं लिहिलं आणि फोटो फोल्डरमध्ये टाकला. तिसऱ्या वेळी तोच फोटो पुन्हा उघडला तेव्हा कळलं, निम्म्याहून जास्त केंद्रकांच्या आत ठळक ठिपके होते. उत्तर दोन महिने आमच्याच कॉम्प्युटरवर पडून होतं. बघायचं होतं केंद्रकाच्या आत आणि आम्ही बाहेर बघत होतो.

ठिपके का दिसतात

उंदराची ४० गुणसूत्रं असतात आणि साध्या घरगुती उंदरात त्या सगळ्यांचा गुणसूत्रबिंदू अगदी एका टोकाला असतो. त्या बिंदूंना लागून २३४ बेसचा एक तुकडा एकामागून एक, सगळ्या गुणसूत्रांत मिळून काही लाख वेळा आलेला असतो. हा तुकडा अ‍ॅडेनिन-थायमिनने भरलेला आहे. होएक्स्ट आणि डॅपी हे दोन्ही रंग डीएनएच्या बारीक खोबणीत, नेमके अ‍ॅडेनिन-थायमिन जास्त असलेल्या जागी जाऊन बसतात. त्यात उंदराच्या केंद्रकात अनेक गुणसूत्रांचे हे भाग एकत्र गोळा होतात. म्हणून अतिनील प्रकाशात केंद्रकात निळे लखलखीत ठिपके दिसतात, बहुतेकदा दहा-वीस. त्यांना क्रोमोसेंटर म्हणतात. माणसाच्या केंद्रकात असे गोळे होत नाहीत. ते सगळीकडून साधारण एकसारखं, मंद निळं दिसतं, मध्ये केंद्रकीच्या जागी काळपट डाग.

फरक इतका ढळढळीत आहे की एकदा दोन्ही शेजारी शेजारी बघितलं की पुन्हा चुकायला होत नाही. म्हणूनच शेजारी शेजारी बघणं टाळू नका. आम्ही दर वेळी चार कव्हरस्लिप लावतो: संशयित फ्लास्कची, शुद्ध एल-९२९ ची, खात्रीच्या एमसीएफ-७ ची, आणि मुद्दाम शंभरात एक उंदराची पेशी मिसळलेली. ही चौथी नव्या मुलांच्या डोळ्यांना सवय लागावी म्हणून.

कृती साधी आहे. काचेची निर्जंतुक कव्हरस्लिप छोट्या डिशमध्ये ठेवून तिच्यावर पेशी पेरायच्या आणि निम्मी जागा भरली की थांबायचं. दाटी झाली तर केंद्रकं एकमेकांवर चढतात आणि मोजता येत नाहीत. मिथेनॉल तीन भाग आणि ग्लेशियल असेटिक अ‍ॅसिड एक भाग असं ताजं मिश्रण करायचं. मीडियम काढायच्या आधीच तेवढंच मिश्रण त्यात घालून दोन मिनिटं थांबायचं, म्हणजे पेशी एकदम आक्रसत नाहीत. मग सगळं काढून नुसत्या मिश्रणात दहा मिनिटं, आणि हवेत पूर्ण वाळू द्यायचं. एक मिलिलिटर पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) अर्धा मायक्रोग्रॅम होएक्स्ट, अंधारात १५ मिनिटं, पाण्याने धुवायचं, ग्लिसरॉलमध्ये बसवायचं आणि ४० च्या भिंगाखाली बघायचं. रंग डीएनएला चिकटणारा आहे, हातमोजे घालाच.

मोजायचं किती? आम्ही ५०० केंद्रकं मोजतो, कव्हरस्लिपच्या वेगवेगळ्या भागांतली. ५०० मध्ये एकही ठिपकेदार केंद्रक मिळालं नाही, तर भेसळ ०.६ टक्क्यांच्या खाली आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. हिशोब सोपा, ३ भागिले ५००. भेसळ शून्य आहे असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

फसायच्या जागाही सांगते, कारण आम्ही त्यातल्या एकीत पाय घातला होता. औषध दिलेल्या प्लेटवर ही चाचणी करू नका. अर्काने मरायला लागलेल्या माणसाच्या पेशीचं केंद्रक आक्रसतं, त्याचे चमकते तुकडे होतात, आणि घाईत बघणाऱ्याला ते उंदराचे ठिपके वाटतात. लक्षपूर्वक बघितलं तर तुकडे झालेलं केंद्रक लहान आणि वेडंवाकडं असतं, उंदराचं निरोगी केंद्रक मात्र गोल-लांबट, नीट सीमारेषा असलेलं आणि आत ठिपके. हळदीवर काम करणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. कर्क्युमिन स्वतःच प्रकाशतं, निळ्या-जांभळ्या प्रकाशात हिरवट-पिवळं. फिल्टर रुंद असला तर पेशीद्रव उजळतो आणि केंद्रक त्यात बुडतं. तेव्हा जात ओळखायची ती औषध न दिलेल्या, नुसत्या वाढत्या फ्लास्कमधूनच. दुसरं, स्त्रीपासून आलेल्या माणसाच्या काही पेशींत केंद्रकाच्या कडेला एखादा ठळक ठिपका दिसू शकतो, तो निष्क्रिय एक्स गुणसूत्राचा. एक ठिपका आणि पंधरा ठिपके यांत गल्लत करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ठिपके नाहीत म्हणजे माणूसच, असं नाही. माकडाच्या व्हेरो पेशींत आणि हॅमस्टरच्या सीएचओ पेशींतही असे ठिपके नसतात. ही चाचणी ‘उंदीर आहे का’ एवढंच सांगते.

दर महिन्यालाच का

खरा उलगडा इथे झाला. बिघाड दर वेळी साधारण त्याच मुदतीने होत होता, आणि ती मुदत स्वतःच पुरावा होती.

समजा एल-९२९ दर २२ तासांनी दुप्पट होते आणि एमसीएफ-७ दर ३६ तासांनी. तुमच्या लॅबमधले आकडे थोडे वेगळे असतील, ते मोजून घाला. एका दिवसात उंदराच्या पेशी २.१३ पट होतात, माणसाच्या १.५९ पट. म्हणजे दोघींच्या प्रमाणात उंदराची बाजू रोज १.३४ पटीने वाढते. पॅसेज करताना, म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधल्या थोड्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये घेताना, दोन्ही सारख्याच विरळ होतात, त्यामुळे पॅसेजने हे प्रमाण बदलत नाही. पहिल्या दिवशी दहा हजारांत एक उंदराची पेशी असेल, तर सोळाव्या दिवशी शंभरात एक होते. ३१ व्या दिवशी निम्म्या-निम्म्या. त्यापुढे दहाच दिवसांत विसातल्या एकोणीस उंदराच्या.

डोळ्यांना आकारातला फरक निम्म्या-निम्म्याच्या आसपास जाणवतो, म्हणजे महिन्याने. होएक्स्टला तो सोळाव्या दिवशीच सापडला असता. मधले पंधरा दिवस आम्ही दर वेळी भेसळीच्या पेशींवर प्रयोग करत होतो.

आता मूळ भेसळ दसपट कमी-जास्त करून बघा. हजारात एक असेल तर बरोबरी २३-२४ दिवसांत, लाखात एक असेल तर ३९ दिवसांत. भेसळ शंभरपटीने बदलली तरी मुदत जेमतेम दोन आठवड्यांनी हलते. म्हणूनच हात कुणाचाही असो, दिवस कुठलाही असो, बिघाड ‘साधारण महिन्याने’ येतो असंच वाटत राहतं. आणि म्हणूनच सगळ्यांना वाटतं की पेशी जुन्या झाल्या, पॅसेज जास्त झाले. आम्हीही तेच मानून नवी व्हायल काढत होतो.

याच हिशोबातून दुसरं कोडंही सुटलं. माणसाची कल्चर उंदराची होत होती, उलट कधीच झालं नाही. कदाचित एमसीएफ-७ च्या पेशीही एल-९२९ च्या फ्लास्कमध्ये जात असतील. पण तिथे त्या रोज मागे पडतात आणि पॅसेजागणिक नाहीशा होतात. वेगवान पेशी तेवढी दिसते, म्हणून वाटतं की चूक एकाच बाजूने होतेय.

कुठून येत होत्या

आधी साठा तपासला. लिक्विड नायट्रोजनमधली व्हायल उघडून पेशी चिकटल्या की पहिल्याच पॅसेजला कव्हरस्लिप लावली. ५०० मध्ये एकही ठिपकेदार नाही. साठा स्वच्छ होता, म्हणजे भेसळ आमच्या हातून होत होती. तुमच्याकडे पहिल्याच पॅसेजला ठिपके दिसले, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. तो साठा बाद करा आणि खात्रीच्या भांडारातून नवी व्हायल मागवा. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशीभांडारातून देशभरातल्या लॅबना सेल लाइन मिळतात, आपल्याला ते जवळही आहे.

आमच्या रजिस्टरमध्ये पॅसेजची तारीख होती, पेशींची संख्या होती, कुणी केलं त्याची सही होती. मीडियमची कोणती बाटली वापरली ते नव्हतं. मुलांना विचारलं तर दोन्ही लाइनच्या बाटल्या वेगळ्या असल्याचं सगळे सांगत होते, आणि लेबलं खरंच वेगळी होती. काचसामान धुणारे, सकाळी मीडियम गरम करायला ठेवणारे आमचे काका तिथेच उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, मी सकाळी एकच बाटली पाण्यात ठेवतोय. दोन्हीस्नी तीच वापरत्यात की पोरं.”

दोन्ही लाइनना एकच मीडियम लागतं. एक बाटली गरम झालेली असते, दुसरी फ्रीजमध्ये गार, आणि वेळ थोडा असतो. सोमवारी आधी एल-९२९, लगेच एमसीएफ-७. पेशींना लागलेली पिपेट पुन्हा बाटलीत गेली की झालं. किती पेशी लागतात याचाही हिशोब मी फळ्यावर मांडून दाखवला. ट्रिप्सिनने (तळाला चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या विकराने) सोडवलेल्या एल-९२९ एका मिलिलिटरला पाच लाख धरा. पिपेटच्या टोकाला चिकटलेला ओलावा चार मायक्रोलिटर, म्हणजे दोन हजार पेशी. १०० मिलिलिटरच्या बाटलीत त्या विखुरल्या तर मिलिलिटरला २०. त्यातलं पाच मिलिलिटर दहा लाख पेशींच्या फ्लास्कमध्ये गेलं की १०० उंदराच्या पेशी. बरोबर दहा हजारांत एक. फळ्यासमोर सगळी मुलं गप्प झाली. कुणाला रागवायची गरजच उरली नाही.

अंदाजावर थांबायचं नव्हतं म्हणून बाटलीचीच परीक्षा घेतली. त्या आठवड्याच्या बाटलीत उरलेलं मीडियम तीन रिकाम्या डिशमध्ये ओतलं आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवून दिलं. पेशी घातल्याच नव्हत्या, तेव्हा स्वच्छ बाटलीत काहीच उगवायला नको. दहाव्या दिवशी दोन डिशमध्ये वसाहती दिसल्या. होएक्स्ट लावल्यावर प्रत्येक केंद्रकात ठिपके. फ्रीजच्या गारव्यात पेशी लगेच मरत नाहीत, हे लक्षात ठेवा. ही रिकाम्या डिशची चाचणी ट्रिप्सिन, पीबीएस, सीरम सगळ्यांना लावता येते आणि खर्च जवळपास काहीच नाही.

तुमच्याकडे बाटल्या खरोखर वेगळ्या असतील तर आणखी दोन वाटा बघा. माणसाच्या त्वचापेशी किंवा मूलपेशी उंदराच्या फीडर थरावर (वाढ थांबवून खाली आधाराला पसरलेल्या पेशींवर) वाढवत असाल, तर मायटोमायसिन या औषधाने फीडरची वाढ पूर्ण थांबली होती का ते तपासा. नुसता फीडर वेगळ्या डिशमध्ये दोन आठवडे ठेवून मोजला की कळतं. आणि माणसाची गाठ उंदरात वाढवून परत कल्चरमध्ये आणली असेल, तर उंदराचे फायब्रोब्लास्ट तिच्याबरोबर येणारच, ते आले आहेत असं धरूनच चाला.

बाहेरच्या चाचण्यांवर किती विसंबायचं

एसटीआर तपासणी (डीएनएतल्या पुनःपुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून ओळख पटवणारी) करून घ्या, पण ती माणसाच्या पेशी एकमेकींपासून ओळखायला आहे. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी एका विकराच्या प्रकारावरून दाखवून दिलं की वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या १८ सेल लाइन बहुधा हेला पेशींनीच (माणसाच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सेल लाइननेच) व्यापलेल्या आहेत. तसली भेसळ ठिपक्यांनी कधीच सापडणार नाही, तिथे एसटीआरच हवं. उलट बाजूही तितकीच खरी आहे. एसटीआरचे प्रायमर (डीएनएचा नेमका भाग पकडणारे छोटे तुकडे) माणसाच्या डीएनएसाठी बनवलेले असतात. फ्लास्कमध्ये निम्म्या पेशी उंदराच्या असल्या तरी उरलेल्या निम्म्या एमसीएफ-७ चा अहवाल अगदी जुळता येऊ शकतो. काही किटमध्ये उंदराचा मार्कर घातलेला असतो. नमुना पाठवतानाच तसं विचारून घ्या.

जात ठरवायला मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांवरची पीसीआर उत्तम, कारण एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात आणि थोडी भेसळही सापडते. फक्त उंदराच्या नमुन्यात माणसाची फिकट पट्टी आली तर घाबरू नका, ती करणाऱ्याच्याच हातातून आलेली असू शकते. डीएनए न घातलेली नळी सोबत चालवा. गुणसूत्रं मोजून ठरवायच्या भानगडीत मात्र पडू नका. एमसीएफ-७ मध्ये ४६ गुणसूत्रं नसतातच, ऐंशीच्या आसपास असतात, आणि एल-९२९ चाही आकडा ४० वर राहिलेला नाही.

भेसळ सापडल्यावर

फ्लास्क टाकून द्या. फायब्रोब्लास्ट ट्रिप्सिनने लवकर सुटतात, त्या आधी काढून टाकू आणि उरलेल्या एमसीएफ वाचवू, असा मोह आम्हाला झाला आणि एकदा करूनही बघितलं. वरचा हिशोब लावा: शंभरात एकपासून दहा हजारांत एकवर आणलं तरी सोळा दिवसच मिळतात.

आता आमच्याकडे माणसाच्या लाइन सोमवार-गुरुवार आणि उंदराच्या मंगळवार-शुक्रवार. एकाच दिवशी करायची वेळ आली तर संथ वाढणारी आधी, वेगाने वाढणारी शेवटी. बाटल्यांना रंगीत टेप लावलाय, एमसीएफला पिवळा, एल-९२९ ला निळा, आणि काका सकाळी त्या दिवसाच्या रंगाचीच बाटली गरम करायला ठेवतात. मोठ्या बाटलीत कुणी पिपेट घालायची नाही, लागेल तेवढं छोट्या नळीत ओतून घ्यायचं आणि उरलेलं टाकायचं. मीडियम वाया जातं म्हणून मुलं हळहळतात, पण वाया गेलेल्या पाच महिन्यांची किंमत मी त्यांना सांगितली आहे. दर पंधरा दिवसांनी एक कव्हरस्लिप, ५०० केंद्रकं, फोटो वहीत चिकटवायचा. त्या मुलीने जुन्या प्लेटपैकी पंधराव्या दिवसानंतरच्या सगळ्या बाद केल्या आणि प्रयोग पुन्हा लावले. दोन वक्र पुन्हा वेगळे झाले आहेत.

सातारा, कराड, मिरज भागातल्या ज्यांच्याकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नाही त्यांनी चाचणी त्यासाठी अडवून ठेवू नये. पेशी बसवून, मिश्रणात स्थिर करून, पूर्ण वाळवलेल्या कव्हरस्लिप छोट्या डिशमध्ये झाकून फ्रीजमध्ये काही आठवडे टिकतात. महिन्याच्या चार-पाच साठवा, जवळच्या ज्या कॉलेजात मायक्रोस्कोप असेल तिथली वेळ मागून घ्या आणि तिथे जाऊन रंग लावा. एसटीच्या प्रवासात त्यांना काही होत नाही. फक्त पेशींची बाजू कोणती ते डिशवर बाण काढून लिहून ठेवा, वाळल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.